जुलैचा बाजार

स्तर ४ : वाचन आणि चर्चा

वाचण्याआधी

तुमच्या आवडत्या टीममधला खेळाडू अचानक दुसऱ्या टीमकडे गेला, असं कधी झालंय का? तेव्हा तुम्हाला काय वाटलं? दोन-तीन वाक्यांत मराठीत सांगा आणि मग पाठ वाचायला घ्या. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.

१. हा बाजार कसला?

जुलै महिना अर्धा सरला की अमेरिकेतल्या बेसबॉलच्या चाहत्यांना बोलायला एकच विषय पुरतो. ऑफिसात, ट्रेनमध्ये, समर कॅम्पमध्ये सगळीकडे तेच : "आपण कोणाला आणायचं? आणि त्याच्या बदल्यात कोणाला द्यायचं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. भांडणं होतात ती दुसऱ्या प्रश्नावरून.

आधी थोडी माहिती घेऊ. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. हंगाम साधारण मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या शेवटी संपतो. त्यानंतर प्लेऑफ. २०२२ पासून ३० पैकी १२ संघ प्लेऑफमध्ये जातात आणि शेवटी उरलेले दोन संघ वर्ल्ड सिरीज खेळतात.

जुलैच्या अखेरीस प्रत्येक संघाचे शंभरच्या आसपास सामने झालेले असतात. म्हणजे आपली टीम किती पाण्यात आहे, हे तोपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. याच सुमारास खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत संपते. हल्ली ही तारीख जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला असते. त्या दिवशी घड्याळाचा काटा ठरलेल्या वेळेवर आला की बाजार बंद! म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांत नुसती धावपळ असते.

या अदलाबदलीला 'ट्रेड' म्हणतात. दोन संघ आपसांत ठरवतात आणि खेळाडूंचे करार एकमेकांना देऊन टाकतात. खेळाडूला विचारतात का? बहुतेक वेळा नाही. ज्याच्या करारात तशी अट आहे, किंवा ज्याने मेजर लीगमध्ये दहा वर्षं काढली आहेत आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, तो "मी जाणार नाही" असं म्हणू शकतो. बाकीच्यांनी फोन आला की बॅग भरायची.

२. घेणारे आणि देणारे

या बाजारात दोन प्रकारचे संघ असतात. ज्यांना यंदा जिंकण्याची आशा आहे ते घेणारे. ज्यांची आशा संपली आहे ते देणारे. देणाऱ्यांकडे एखादा नावाजलेला खेळाडू असतो, पण त्याचा करार यंदाच संपणार असतो. त्याला ठेवून शेवटून दुसरा नंबर मिळाला काय आणि शेवटचा मिळाला काय, फरक काय पडतो? त्यापेक्षा त्याला आत्ताच देऊन दोन-तीन होतकरू पोरं घेतलेली बरी, असा त्यांचा हिशेब असतो.

करार लवकरच संपणार असलेल्या अशा खेळाडूला चाहते 'रेंटल' म्हणतात, म्हणजे भाड्याने आणलेला. तो ऑगस्ट, सप्टेंबर आणि प्लेऑफ खेळणार, आणि नंतर जिकडे जास्त पैसे मिळतील तिकडे जाणार.

मग होतकरू खेळाडू कुठून येतात? प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली मायनर लीगचे लहान संघ असतात. तिथे अठरा-वीस वर्षांची मुलं पायरी पायरीने वर चढतात. त्यातला एखादा मेजर लीगमध्ये पोचला की साधारण सहा वर्षं तो त्याच संघाच्या ताब्यात राहतो, आणि सुरुवातीची वर्षं तर अगदी कमी पगारात. त्यामुळे चांगला होतकरू खेळाडू म्हणजे संघासाठी बियाण्याचं पोतं. आज त्यातून पोट भरत नाही, पण पेरलं तर पुढची बरीच वर्षं पीक येतं.

आता बघा, वाद कुठे आहे ते लक्षात येईल. यंदा जिंकण्यासाठी बियाणं विकायचं का?

३. दोन पक्ष, दोन म्हणी

प्रत्येक शहरात, प्रत्येक जुलैमध्ये चाहत्यांचे दोन पक्ष पडतात. आपण त्यांना 'आजवाले' आणि 'उद्यावाले' म्हणू.

आजवाले म्हणतात : "संधी रोज येत नाही. यंदा आपले पिचर ठणठणीत आहेत. पुढच्या वर्षी कोणाचा खांदा दुखेल, कोणाचं कोपर जाईल, कोणी सांगावं? तुम्ही ज्या पोराला इतकं जपताय तो अजून मेजर लीगमध्ये एक चेंडूही खेळलेला नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!"

उद्यावाले म्हणतात : "दोन महिन्यांच्या पाहुण्यासाठी घरची पोरं द्यायची? आणि तो आला म्हणून जिंकूच, याची हमी काय? पी हळद आणि हो गोरी असं कधी होतं का? चांगला संघ हळूहळू घडवावा लागतो."

गंमत म्हणजे दोघांचंही म्हणणं खरं असतं. म्हणून तर हा वाद संपत नाही. पण कोणत्या वेळी कोणाचं म्हणणं जास्त खरं, हे ठरवता येतं का? त्यासाठी एक खरीखुरी गोष्ट नीट बघू. साल २०१५, संघ न्यू यॉर्क मेट्स.

४. मेट्सचा जुलै

मेट्स २००६ नंतर एकदाही प्लेऑफमध्ये गेले नव्हते. २०१५ मध्ये मात्र त्यांच्याकडे जेकब डीग्रॉम, मॅट हार्वी आणि नोआ सिंडरगार्ड असे तीन तरुण, तुफान वेगाचे पिचर एकदम होते. समोरच्या संघाला धावा मिळायची मारामार होई. पण स्वतः मेट्सचीही तीच गत होती! कर्णधार डेव्हिड राइट दुखापतीमुळे एप्रिलपासून बाहेर होता आणि धावांच्या बाबतीत मेट्स तळाच्या संघांमध्ये होते.

२३ जुलैला लॉस एंजेलिस डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ समोर होता. बेसबॉलमध्ये चौथ्या क्रमांकावर संघातला सगळ्यात ताकदवान फलंदाज खेळतो. त्या दिवशी मेट्सच्या चौथ्या आणि पाचव्या फलंदाजांची सरासरी .१८० च्याही खाली होती. म्हणजे शंभर वेळा बॅटिंगला उभं राहिल्यावर १८ हिट्ससुद्धा नाहीत. मेट्स ३-० असे हरले आणि चाहते जनरल मॅनेजर सँडी आल्डरसनवर भडकले. "पिचर असे आणि बॅटिंग ही! काहीतरी करा!"

दुसऱ्याच दिवशी आल्डरसनने अटलांटाकडून केली जॉन्सन आणि हुआन उरिबे हे दोन अनुभवी खेळाडू आणले. तीन दिवसांनी ओकलंडहून टायलर क्लिपर्ड हा पिचर आणला. या छोट्या ट्रेडवर फार कोणी भांडलं नाही, कारण त्यासाठी फारसं काही द्यावं लागलं नव्हतं. पण खरी गरज होती ती एका दणदणीत फलंदाजाची.

५. मैदानात रडलेला मुलगा

२९ जुलैची रात्र. मेट्सचा सॅन डिएगोशी घरच्या मैदानावर सामना चालू होता. तेवढ्यात बातमी फुटली की मिलवॉकीचा कार्लोस गोमेझ मेट्सकडे येतोय आणि त्याच्या बदल्यात झॅक व्हीलर हा पिचर आणि विल्मर फ्लोरेस मिलवॉकीला जाणार. व्हीलरच्या कोपराचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे तो खेळत नव्हता. फ्लोरेस मात्र त्या क्षणी मैदानात होता.

प्रेक्षकांच्या हातात फोन होते. बातमी त्यांना आधी कळली. मॅनेजर टेरी कॉलिन्सला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं, म्हणून त्याने फ्लोरेसला बाहेर काढलं नाही. फ्लोरेस बॅटिंगला आला तेव्हा लोकांनी उभं राहून त्याला निरोपाच्या टाळ्या दिल्या. मग त्यालाही कळलं. पुढे मैदानात उभा असताना तो बाहीने डोळे पुसतोय, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं.

फ्लोरेस व्हेनेझुएलाचा. सोळाव्या वर्षी मेट्सकडे आला आणि तिथेच लहानाचा मोठा झाला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. आपण घरबसल्या "याला देऊन टाका" असं सहज म्हणतो. त्या एका वाक्यात दुसऱ्या माणसाचं घर, मित्र, भाडेकरार, मुलांची शाळा असं सगळं असतं. ट्रेडवर वाद घालताना एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि गंमत बघा : हा ट्रेड झालाच नाही. गोमेझच्या कमरेच्या सांध्याबद्दल मेट्सला शंका आली आणि बोलणी फिसकटली. सामना संपल्यावर आल्डरसनने जाहीर केलं की ट्रेड होणार नाही. दुसऱ्या दिवशी मेट्स हातातला सामना हरले. नवव्या इनिंगमध्ये दोन जण बाद केल्यावर सॅन डिएगोने होम रन मारून सामना ८-७ असा फिरवला. आता मेट्स पहिल्या नंबरवरच्या वॉशिंग्टन नॅशनल्सच्या तीन सामने मागे होते. चाहत्यांचा मूड काय असेल, विचार करा!

६. मुदत संपायला काही मिनिटं

३१ जुलै. त्या वर्षी मुदत दुपारी चारची होती. ती संपायला काही मिनिटं उरली असताना मेट्सने डेट्रॉइट टायगर्सकडून योएनिस सेस्पेडेसला घेतलं.

सेस्पेडेस क्यूबाचा, ताकदवान फलंदाज. त्याच्या एका वर्षाचा प्रवास बघा : ३१ जुलै २०१४ ला ओकलंडने त्याला बॉस्टनला दिलं, डिसेंबरमध्ये बॉस्टनने डेट्रॉइटला, आणि बरोबर वर्षाने, ३१ जुलै २०१५ ला, डेट्रॉइटने मेट्सला. एका वर्षात चार संघ! त्याचा करारही त्याच हंगामानंतर संपणार होता. म्हणजे पक्का 'रेंटल'.

बदल्यात मेट्सने दोन होतकरू पिचर दिले : मायकेल फुल्मर आणि लुइस सेसा. फुल्मर २०११ मध्ये मेट्सने निवडलेला, २२ वर्षांचा, मायनर लीगमध्ये जोरात चाललेला. उद्यावाले कळवळले, "दोन महिन्यांसाठी फुल्मर?" आजवाले म्हणाले, "पिचर आपल्याकडे ढीगभर आहेत. बॅट कुठे आहे?"

आजवाल्यांचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मेट्सने जे दिलं ते त्यांच्याकडे भरपूर होतं आणि जे घेतलं ते अजिबात नव्हतं. ज्याच्याकडे तांदूळ भरपूर आहे त्याने थोडा तांदूळ देऊन डाळ आणली, तर घरात दोन्ही होतात.

त्याच रात्री नॅशनल्सविरुद्ध सामना होता. सेस्पेडेस अजून पोचला नव्हता. सामना १-१ असा बरोबरीत बाराव्या इनिंगपर्यंत गेला आणि तिथे विजयी होम रन कोणी मारला असेल? विल्मर फ्लोरेसने! धावत होम प्लेटकडे येताना त्याने छातीवरचं 'मेट्स' हे नाव मुठीत धरून सगळ्यांना दाखवलं. दोन दिवसांपूर्वी ज्याला निरोप दिला होता, त्याच्याच नावाने स्टेडियम दुमदुमलं.

मेट्सने नॅशनल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकले आणि त्यांची बरोबरी गाठली. पुढे सेस्पेडेसने ५७ सामन्यांत १७ होम रन मारले. मेट्स ९० सामने जिंकून आपल्या गटात पहिले आले, नॅशनल्सच्या तब्बल सात सामने पुढे. प्लेऑफमध्ये डॉजर्सना आणि मग शिकागो कब्जना हरवून ते २००० नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले.

७. पण समोरच्यानेही खरेदी केली होती

वर्ल्ड सिरीजमध्ये समोर होते कॅन्सस सिटी रॉयल्स. त्यांनीही त्याच जुलैत बाजार केला होता. सिनसिनाटीकडून जॉनी क्वेटो हा पिचर घेतला होता आणि त्यासाठी तीन तरुण पिचर दिले होते. ओकलंडकडून कुठल्याही जागेवर खेळू शकणारा बेन झोब्रिस्ट घेतला होता. हे दोघेही 'रेंटल'च.

क्वेटोने आधी निराशा केली. रॉयल्सकडे आल्यावर नेहमीच्या हंगामात तो चार सामने जिंकला आणि सात हरला. सप्टेंबरमध्ये कोणी विचारलं असतं तर रॉयल्सचे कितीतरी चाहते म्हणाले असते, "फुकट गेला ट्रेड." पण वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात याच क्वेटोने शेवटपर्यंत एकट्याने पिचिंग केलं आणि मेट्सला फक्त दोन हिट्स दिल्या. रॉयल्सने सिरीज ४-१ अशी जिंकली. १९८५ नंतरचं त्यांचं हे पहिलं विजेतेपद. सेस्पेडेसची बॅट मात्र वर्ल्ड सिरीजमध्ये थंडच राहिली.

मग मेट्सचा ट्रेड चुकला का? पुढचं ऐका. फुल्मर २०१६ मध्ये डेट्रॉइटकडून खेळला आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. उद्यावाले म्हणाले, "बघा! सांगत होतो ना!" पण पुढे त्याला दुखापतींनी घेरलं, कोपराचं ऑपरेशन झालं आणि २०१९ चा हंगाम पूर्ण बुडाला. आणि मेट्सने सेस्पेडेसशी नवा करार केला, त्यामुळे पाहुणा घरचाच झाला.

आता न झालेल्या ट्रेडचं काय? गोमेझ मिलवॉकीहून ह्यूस्टनला गेला, पण तिथे त्याचा खेळ घसरला आणि वर्षभरात ह्यूस्टनने त्याला सोडून दिलं. व्हीलर बरा होऊन परत आला आणि पुढे बेसबॉलमधल्या उत्तम पिचरांमध्ये गणला जाऊ लागला. त्याची सगळ्यात चांगली वर्षं मात्र मेट्सकडे नाही, तर २०२० पासून फिलाडेल्फियाकडे गेली, ही गोष्ट वेगळी! फ्लोरेसलाही मेट्सने २०१८ च्या शेवटी सोडलं.

८. आणखी चार जुन्या गोष्टी

ओकलंड, २०१४ : अर्ध्या हंगामापर्यंत ओकलंडचा संघ सगळ्यात पुढे होता. "यंदा नाही तर कधी?" म्हणून त्यांनी अॅडिसन रसेल हा त्यांचा सगळ्यात गुणी होतकरू खेळाडू शिकागो कब्जना देऊन दोन पिचर आणले आणि सेस्पेडेसला देऊन जॉन लेस्टर हा पिचर आणला. पण हंगामाच्या दुसऱ्या भागात संघ ढेपाळला. कसाबसा प्लेऑफमध्ये पोचला आणि पहिलाच सामना बाराव्या इनिंगमध्ये ९-८ असा हरला. खेळ खलास!

शिकागो कब्ज, २०१६ : कब्ज १९०८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकले नव्हते. जुलैमध्ये त्यांनी न्यू यॉर्क यांकीजकडून अरोल्डिस चॅपमन हा अतिवेगवान पिचर घेतला आणि ग्लेबर टोरेस या १९ वर्षांच्या मुलासह चार खेळाडू दिले. या ट्रेडवर वेगळाच वाद झाला. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात चॅपमनवर फौजदारी गुन्हा दाखल झाला नव्हता, पण चौकशीनंतर लीगने त्याच्यावर ३० सामन्यांची बंदी घातली होती. "जिंकण्यासाठी कोणालाही घ्यायचं का?" असं अनेक चाहत्यांनी विचारलं, आणि ते बरोबरच होतं. पुढे कब्जने सातव्या सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. १०८ वर्षांची प्रतीक्षा संपली. चॅपमन लगेच यांकीजकडे परत गेला आणि टोरेसही यांकीजकडे मोठा होऊन २०१८ आणि २०१९ मध्ये ऑल-स्टार झाला. म्हणजे यांकीजना दोघंही मिळाले! पण कब्जच्या चाहत्याला विचारा, "टोरेस परत हवा का?" तो हसून नाही म्हणेल.

डेट्रॉइट, १९८७ : टायगर्सनी ३६ वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर आणला. तो त्यांच्यासाठी नऊ सामने जिंकला आणि एकही हरला नाही. टायगर्स आपल्या गटात टोरांटोच्या फक्त दोन सामने पुढे राहून पहिले आले. म्हणजे अलेक्झांडर नसता तर हे जमलंच नसतं. पण प्लेऑफमध्ये तो दोन्ही सामने हरला. बदल्यात अटलांटाला दिलेला २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ मिशिगनचाच मुलगा होता. पुढे वीस वर्षं तो अटलांटाकडून खेळला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

अटलांटा, २०२१ : त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू रोनाल्ड अकुन्या जुलैमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. जिंकलेले आणि हरलेले सामने जवळजवळ सारखेच होते. अशा वेळी "यंदा राहू दे" म्हणणं सोपं होतं. पण त्यांनी एकाही मोठ्या होतकरू खेळाडूला न देता, कोणाला फारसे नको असलेले चार खेळाडू आणले. त्यातला एडी रोसारियो प्लेऑफमधल्या एका मालिकेचा आणि होर्हे सोलेर वर्ल्ड सिरीजचा मानकरी ठरला. अटलांटा १९९५ नंतर पहिल्यांदा जिंकला.

९. मग वाद कसा घालायचा?

सॉफ्टवेअरच्या कामात एक सवय लागते. एखादा निर्णय नंतर फसला, तर आम्ही आधी विचारतो, "निर्णय घेतला त्या दिवशी आपल्याला काय काय माहीत होतं?" ट्रेडलाही हाच प्रश्न लागू पडतो. निकाल बघून शहाणपण सांगणं सोपं आहे. ३१ जुलैच्या दुपारी फुल्मरचं कोपर, क्वेटोचा दुसरा सामना, फ्लोरेसचा होम रन यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं.

त्यामुळे पुढच्या जुलैमध्ये कोणी "याला द्या, त्याला आणा" म्हणालं, तर त्याला हे चार प्रश्न विचारा :

एक : आपला संघ खरंच शर्यतीत आहे का? पहिल्या नंबरपासून दोन-तीन सामने मागे असणं वेगळं आणि दहा सामने मागे असणं वेगळं.

दोन : जे आणतोय ते आपल्याकडे नाहीये का? मेट्सला बॅट हवी होती, पिचर नाही. फक्त मोठं नाव आहे म्हणून खेळाडू आणणं म्हणजे घरात तीन छत्र्या असताना चौथी घेणं.

तीन : जे देतोय ते आपल्याकडे भरपूर आहे का, की तोच एक आहे?

चार : जिंकलो नाही, तरी हा निर्णय पटेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. ३० संघांपैकी वर्ल्ड सिरीज एकच जिंकतो. जिंकणं हीच एकमेव कसोटी धरली तर दरवर्षी २९ संघ चूक ठरतील. २०१५ चे मेट्स हरले, पण नऊ वर्षं प्लेऑफची वाट बघणाऱ्या शहराला त्यांनी ऑक्टोबरच्या शेवटपर्यंत जागं ठेवलं. माझ्या मते तो ट्रेड चांगला होता. १९८७ च्या डेट्रॉइटबद्दल मात्र मला इतकं ठामपणे सांगता येत नाही. तुमचं मत वेगळं असेल तर कारण द्या. कारण दिलं की भांडणाची चर्चा होते.

शब्दार्थ

हंगाम : सामने चालतात तो काळ, सीझन
मुदत : काम पूर्ण करण्याची शेवटची वेळ
करार : दोन बाजूंनी लिहून मान्य केलेलं बोलणं
होतकरू : पुढे मोठा होईल अशी आशा ज्याच्याबद्दल वाटते तो
किती पाण्यात आहे : खरी ताकद किती आहे
बियाणं : पेरण्यासाठी राखून ठेवलेलं धान्य
फिसकटणं : ठरत आलेली गोष्ट मोडणं
ढेपाळणं : जोर कमी होणं
नवोदित : नुकताच पुढे आलेला
मानकरी : ज्याला मान किंवा बक्षीस मिळतं तो

स्वाध्याय

१. 'आजवाले' आणि 'उद्यावाले' यांचं म्हणणं तुमच्या शब्दांत दोन-दोन वाक्यांत लिहा.

२. पुढच्या म्हणी कोणत्या पक्षाच्या उपयोगाच्या आहेत? का? (अ) हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. (आ) गरज सरो, वैद्य मरो. (इ) थेंबे थेंबे तळे साचे. सूचना : पहिली म्हण दोन्ही पक्ष वापरू शकतात. कशी, ते सांगा.

३. २९ जुलै २०१५ च्या रात्री फ्लोरेसने व्हेनेझुएलातल्या आपल्या आईला फोन केला, अशी कल्पना करा. ते संभाषण आठ ओळींत लिहा.

४. ओकलंड, शिकागो, डेट्रॉइट, अटलांटा यांपैकी एक ट्रेड निवडा आणि त्याला पाठातले चार प्रश्न लावून बघा. त्या दिवशी तुम्ही जनरल मॅनेजर असता तर काय केलं असतं?

५. घरी आजी-आजोबांना किंवा त्यांना फोन करून 'ट्रेड' म्हणजे काय ते मराठीत समजावून सांगा. ते क्रिकेट बघत असतील तर नक्की विचारतील, "म्हणजे खेळाडूला न विचारताच पाठवतात?" तुम्ही काय उत्तर दिलंत, ते पुढच्या तासाला वर्गात सांगा.